मामींचं शटर

मामी स्वतःच्या दारात कधी थांबल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, तिथून वळलं की डाव्या हाताला त्यांचं घर. मामींची मोटारसायकल वळणावर दिसली की त्या घराचं शटर आपलं आपण वर जायला लागायचं. ते अर्ध्यावर येईपर्यंत मामी दारात पोचलेल्या असायच्या. मान खाली घालून त्या तशाच आत शिरायच्या आणि मागं उडालेली धूळ बसायच्या आत शटर खाली आलेलं असायचं. पाय जमिनीला टेकायचा तो घरातच. गावात पहिल्यांदा आलेला पाहुणा हे बघून जागीच उभा राहायचा, आणि मग आमच्यापैकी कोणीतरी, जणू आपणच ते बसवलंय अशा थाटात, त्याला सगळं समजावून सांगायचा.

मी त्यांच्या समोरच राहायचो. विट्याच्या एका हायस्कुलात शिकवायचो, घरी बायको आणि आई. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यातली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा घेऊन आमची माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. पैसा झाला की बंगला गावात बांधतात आणि राहतात तिकडंच. त्यामुळं आमच्या गावात माणसांपेक्षा बंगले जास्त आणि बंगल्यांपेक्षा कुलपं जास्त. मामी आणि त्यांचे यजमान शेट मात्र साठीला आल्यावर त्रिशूरचं दुकान मुलांच्या हवाली करून कायमचे परत आले. गावाबाहेर कालव्याच्या कडेला त्यांची द्राक्षबाग होती. बंगल्याला खाली रीतसर गॅरेज होतं, पण त्यात ठेवायची मोटार मुलांबरोबर दिवाळीला यायची आणि भाऊबीज झाली की जायची. एरवी तिथं शेटांची जुनी मोटारसायकल आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची एवढाच संसार. माझ्या एका वर्गमित्राच्या त्या सख्ख्या मामी. त्याचं ऐकून मी, माझं ऐकून गल्ली आणि गल्लीचं ऐकून गाव त्यांना मामी म्हणायला लागलं.

पंजाबी ड्रेस, त्यावर शेटांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर हेल्मेट असा त्यांचा अवतार असायचा. हेल्मेट आमच्याकडं विट्याच्या चौकात पोलीस दिसला तर घालायचं असतं. मामी ते बागेपर्यंत जायलाही घालायच्या. एकदा मी सहज चेष्टा केली, तर म्हणाल्या, "पडायचं न्हाई आसं मी ठरिवलंय मास्तर, पण रस्त्यानं ठरिवलंय का?" साडी का सोडली असं आईनं विचारलं तेव्हाही उत्तर तयार होतं. "लुगडं चेनमधी गुतलं की मी बी जाईन आन गाडी बी. गाडी ह्यास्नी आवडती." ह्यांना म्हणजे शेटांना. मामींच्या बहुतेक वाक्यांचा रस्ता शेवटी शेटांपाशीच जायचा.

मोटारसायकल त्या उतारवयात शिकल्या, त्याचीही गोष्ट आहे. आधी शेट चालवायचे आणि मामी मागं बसायच्या. एका सकाळी बागेकडं जाताना तिकाटण्यावर, तीन रस्ते फुटतात तिथं, शेटांनी गाडी थांबवली आणि मागं वळून विचारलं, "कुठं जायाचं?" मामींना वाटलं, थट्टा करतायत. पण ते त्यांच्याकडं बघत होते ते गिऱ्हाइकाकडं बघावं तसं. मामी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आवं, तुमी मागं सरा." त्रिशूरला मुलाची स्कूटर त्यांनी कधीमधी चालवली होती, पण गिअरची गाडी पहिलीच. बंद पडत, गचके खात त्यांनी ती बागेपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी परत नेली. "आदी करून बघू, मग जमत न्हाई म्हणू," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याचा दुसरा अर्धा भाग वापरायची वेळ त्यांच्यावर आलेली मी पाहिली नाही.

शेटांचं विसरणं मग वाढतच गेलं. आधी नावं गेली, मग गाव गेलं, मग इकडची सगळी वर्षंच गेली. राहिलं ते त्रिशूर, आणि तेही अगदी सुरुवातीचं, शेट पोरसवदा असताना एका मालकाच्या दुकानात कामाला होते तेव्हाचं. सकाळ झाली की त्यांना दुकान उघडायला जायचं असायचं. दार दिसलं की ते बाहेर पडायचे आणि पाय नेतील तिकडं चालत सुटायचे. एकदा कालव्याच्या भिंतीवरून चालत असताना बागेतल्या गड्यानं त्यांना धरून आणलं. कालव्याला त्या दिवसांत पाणी भरून चाललं होतं. मामींनी त्यांचे पाय धुतले, चहा पाजला आणि मग आमच्या घरी येऊन आईला भाजी निवडू लागल्या.

मुलांचे फोन सुरू झाले. मुलं वाईट नव्हती, लांब होती. त्यांचं म्हणणं, सांगलीत अशा माणसांसाठी एक चांगली संस्था आहे, तिथं ठेवू. ते नको तर तू बागेत जातेस तेवढा वेळ खोलीला बाहेरून कडी घाल. मामींनी दोन्हीला नाही म्हटलं. कडीला तर फारच जोरात म्हटलं. कारण मला त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. "त्या मालकाच्या दुकानात रात्री सोनं आसायचं. पोरं आत झोपवायचा आन भाईरनं शटरला कुलूप घालायचा. त्यो सकाळी येऊन उगडंपत्तुर आतच. ह्ये सांगायचे मला, लग्न झाल्यावर, आंदारात उठून बसायचे तवा. आता म्हातारपणी मी परत कुलूप घालू व्हय?" मग त्यांनी असं ठरवलं, की शेट घरातच राहतील, घरभर मोकळे फिरतील आणि कोंडले म्हणून राहणार नाहीत. आणि बागही बघायची, कारण बागेवर आठ-दहा बायकांची रोजी होती आणि मामींचा जीव होता.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर घराचं पुढचं दार कपाटाआड घातलं आणि गॅरेजचं पत्र्याचं शटर काढून जाळीचं बसवलं. पत्र्यामागं अंधार होतो, जाळीतून रस्ता दिसतो. शेट त्या खुर्चीत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. अर्धं मराठी, अर्धं मल्याळी. आमची माणसं दोन्हीला मान डोलवायची. माझी आई तर आमच्या ओट्यावर भाजी निवडत त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. कोण काय बोलतंय हे दोघांपैकी कोणालाच कळत नसावं, पण गप्पा रंगायच्या खऱ्या.

अडचण फक्त मामी परत यायच्या तेवढ्या वेळाची होती. मोटारसायकल उभी करा, खाली वाका, खटका काढा, दोन हातांनी शटर उचला, परत गाडीवर बसा, आत घ्या, उतरा, शटर ओढा. एवढ्यात शेट बाजूनं सटकायचे. गाडी ढकलत असलेली बाई एका हातानं नवरा कसा धरणार? एकदा गाडी मामींच्या पायावर पडली आणि तशा लंगडत त्या देवळापर्यंत त्यांच्यामागं धावल्या. त्याच आठवड्यात त्यांनी शटरला मोटार बसवून घेतली. रिमोटचं बटण एकदा दाबलं की वर, परत दाबलं की खाली. लाईट गेली तर मोटारीची साखळी हातानं ओढायची.

पण रिमोट पर्समध्ये, पर्स खांद्याला, आणि हात हँडलला. रिमोट शोधायला थांबायचं तर मग मोटार घेऊन काय फायदा? मामींनी तो सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलला बांधून बघितला. गतिरोधकावर गाडी उडाली की बटण आपोआप दाबलं जायचं, आणि आमच्या गावात रस्त्यापेक्षा गतिरोधक जास्त. मग त्या विट्याच्या एका वायरमनकडं गेल्या. तो गाड्यांचीही कामं करायचा आणि त्याचं डोकं चांगलं होतं. त्यानं रिमोट हेडलाईटच्या डब्यात बसवला आणि त्याची वायर थेट हॉर्नच्या बटणाला जोडली. हॉर्न वाजला की शटर वर, परत वाजला की खाली. अंगठ्याला नवं काही शिकायला नको. त्या संध्याकाळी मामी वळणावर एकदा हॉर्न देऊन आल्या आणि न थांबता घरात गेल्या. अख्खी गल्ली बघायला उभी होती. दोघातिघांनी तर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. शेटांनी खुर्चीतून उठून मामींना नमस्कार केला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. देवळावरून गाडी गेली की आम्ही हॉर्नला अंगठा लावतो. एकदाच, हळू, देवाला. कोणी शिकवत नाही, कोणी ठरवून करत नाही. माणूस दुसऱ्याच विचारात असतो आणि अंगठा आपलं काम करून मोकळा होतो. त्या हॉर्नला आम्ही हॉर्न म्हणून मोजतच नाही. म्हणून वायरमनच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्या गल्लीच्या आलं नाही आणि मामींच्याही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी बाहेर पडल्या. हॉर्न दिला, शटर खाली आलं. ते पूर्ण टेकेपर्यंत थांबल्या, हातानं हलवून बघितलं, जाळीतून शेटांना "आलेच" म्हणाल्या. मग निघाल्या, वळणावर आल्या, आणि अंगठ्यानं मारुतीला नमस्कार घातला. त्या पुढं गेल्या. मागं शटर वर गेलं. आमच्या ओट्यावर बसलेल्या आईनं ते वर जाताना बघितलं आणि तिला वाटलं, मामी काहीतरी विसरल्या, माघारी येतायत. म्हणून ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.

मामी बागेतून परतल्या तेव्हा शटर उघडं आणि खुर्ची रिकामी होती. मला शाळेत फोन आला. मी पोचलो तोवर निम्मं गाव कालव्यावर गेलेलं. पोहणारी पोरं पाण्यात उतरली होती, कोणी काठी घेऊन मोरीपाशी उभं होतं. मामी गल्लीतच होत्या. गाडीवर बसलेल्या, गाडी बंद, डोक्यावर हेल्मेट तसंच. मी म्हणालो, "मामी, कालव्याकडं चला." त्या म्हणाल्या, "थांबा जरा. मला इचार करू द्या." मला त्यांचा राग आला. माणूस पाण्यात आहे की काय याचा ठाव नाही आणि ही बाई विचार करतेय. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "आज बुधवार न्हवं? विट्याच्या रस्त्याचं नवं गाळं बुधवारी बंद आसत्यात. व्हय का न्हाई?" मी हो म्हणालो. त्यांनी किक मारली आणि मला मागं बसवलं.

फाट्याजवळ दुकानांचे नवे गाळे झाले होते. सगळी शटरं खाली, पत्र्याची. त्यातल्या एका शटरसमोरच्या पायरीवर शेट बसले होते. पाय जवळ घेऊन, हात गुडघ्यांवर, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मालक अजून आला नव्हता, म्हणून वाट बघत बसलेले. मामींनी गाडी त्यांच्यासमोर उभी केली आणि हेल्मेट काढलं. शेट गडबडीनं उठले आणि म्हणाले, "मुतलाळी, आज लय उशीर झाला." मुतलाळी म्हणजे मल्याळीत मालक. "झाला खरा," त्या म्हणाल्या. "रस्त्यात काम निगालं. चला, बसा मागं." शेट बसले. मी चालत आलो. येताना मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मुलं विमानानं आली. घरात मोठं बोलणं झालं, ते जाळीतून आमच्या ओट्यावर ऐकू येत होतं. थोरल्याचं म्हणणं, हे खेळणं काढून टाक, बाबांना सांगलीला ठेवू, तू आमच्याकडं चल. मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येकदा चुकलं म्हणून शटार काडत न्हाईत. चूक काडत्यात." दुपारी त्या विट्याला गेल्या आणि हॉर्नवरची वायर काढून डाव्या मुठीजवळ वेगळं लाल बटण बसवून आणलं. त्याला वर झाकण. झाकण उचलल्याशिवाय बटण दाबलंच जात नाही. देवळापाशी हॉर्न देणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. गावातल्या एका भाविकानं टोकलं, तेव्हा म्हणाल्या, "देवाला हात जोडती की. हॉर्न त्येला कशाला, त्यो काय रस्त्यात उबा हाय?" मुलं दोन दिवस राहिली, आईचं येणं-जाणं, शटर, बटण सगळं डोळ्यांनी बघितलं आणि सांगलीचं नाव न काढता गेली.

पुढची वर्षं तशीच गेली. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज वळणावर आला की शेट खुर्चीतून उठायचे. शटर वर जायचं आणि ते हात जोडून म्हणायचे, "या, मुतलाळी." मामी गाडीवरूनच मान हलवायच्या, मालकासारख्या. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, हसायच्यासुद्धा. एकदा माझ्या बायकोनं धीर करून विचारलं, मामी, तुम्हाला वाईट नाही वाटत? मामी द्राक्षं पाटीत लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नवरा म्हणून लय वरसं वळाकलं. आता मालक म्हणून वळाकत्यात. वळाकत्यात न्हवं?" नंतर मात्र त्यांनी भरलेली पाटी रिकामी करून पहिल्यापासून परत लावली.

शेट गेले ते त्या घरातच. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मामी शेजारी बसून पंख्याची दिशा बदलत होत्या. मुलं आली, दिवस झाले, आणि मामींना त्रिशूरला घेऊन गेली. महिनाभरात त्या एकट्या रेल्वेनं परत आल्या. "तितं मला बसवून ठिवत्यात," एवढंच आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बागेत गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी सांगलीला बदली झाली. आम्ही आईला घेऊन इकडं आलो, विश्रामबागेजवळ खाली पार्किंग आणि वर दोन खोल्या असं घर भाड्यानं घेतलं.

आणि मग माझी आई विसरायला लागली. गॅसवर दूध, नळ चालू, इथपर्यंत आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ती खाली उतरून रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, मला वैनींच्या गल्लीत सोड. वैनी म्हणजे मामी. रिक्षावाला भला होता, त्यानं शेजारी विचारून परत आणली. आम्ही दोघं नोकरीवर. मामींचा फोन अधूनमधून यायचा, तेव्हा मी हे सांगितलं. आणि हेही सांगितलं, की दुपारपुरती बाहेरून कडी घालावी असं आमचं चाललंय. मामींनी विचारलं, "खाली शटार हाय का गेट?" मी म्हणालो, शटर, हातानं ओढायचं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा होतोय तोवर खाली ओळखीचा आवाज आला. मी वाकून बघितलं. मामी मोटारसायकलवर. हेल्मेट, शेटांचा शर्ट, सगळीकडं तासगावच्या रस्त्याची धूळ. मागच्या सीटवर, शेट बसायचे तिथं, पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. शटरची मोटार. एवढ्या लांबून, या वयात, ते धूड घेऊन. मी धावत खाली गेलो आणि रागावलोच. म्हणालो, एसटीनं यायचं, मला फोन करायचा, पडला असता तर? त्या पट्ट्या सोडत होत्या. "पडले न्हाई," म्हणाल्या. "वायरमन दुपारच्यानं यितोय. तवर आपुन मोटारीची लोखंडी पट्टी तरी बसवून घिऊ. पाना हाय का घरात?"

मी पोत्याचं एक टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मोटार खाली ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. "मामी, मग तुमच्या शटरचं काय?"

"उगडंच आसतंय आता," त्या म्हणाल्या. "माज्याकडनं भाईर जाणारं कोण ऱ्हायलंय? आलं-गेलं त्येला उगडं बरं."

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. सकाळपासून तिनं मलाही ओळखलं नव्हतं. तिनं मामींकडं बघितलं, मोटारसायकलकडं बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"वैनी, कवा आलासा? शेट कसं हायत?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. मामींनी हातानंच मला थांबवलं. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, आईजवळ जाऊन तिचा हात हातात घेतला.

"बरं हायत आक्का," मामी म्हणाल्या. "घरातच हायत."

आणि दुसरा हात पान्यासाठी माझ्यापुढं केला.